तुला काही होणार नाही

गेल्या महिन्यात एका कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर प्रिसायडिंग ऑफिसर म्हणून माझी नेमणूक झाली. तिच्याबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. ते नियमात बसत नाही आणि बसलं असतं तरी लिहिलं नसतं. विषय मात्र नशेच्या पदार्थांचा होता. त्या निमित्ताने संध्याकाळी मेसमधून रूमवर आलो की जुनी टिपणं काढून बसायचो. वाचता वाचता पुन्हा एकदा अमेरिकेतल्या त्या कॅडेटपाशी येऊन थांबलो.

कोलोरॅडो स्प्रिंग्जला अमेरिकन हवाई दलाची अकादमी आहे. १९५४ साली स्थापन झालेली, म्हणजे आमच्या खडकवासल्याच्याच पिढीतली. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या ‘गॅझेट’ या स्थानिक वर्तमानपत्राने एक मोठी बातमी छापली. ती देणारा पत्रकार डेव्ह फिलिप्स. जखमी आणि मानसिक आघात झालेल्या सैनिकांना ‘गैरवर्तन’ असा शिक्का मारून, लाभ काढून घेऊन घरी पाठवलं जातं, ही मालिकाही त्याचीच. त्या मालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. म्हणजे माणूस ऐकीव गोष्टी लिहिणारा नव्हता.

बातमी अशी होती. हवाई दलाची स्वतःची तपास शाखा आहे, ऑफिस ऑफ स्पेशल इन्व्हेस्टिगेशन्स. ही शाखा अकादमीतल्या कॅडेट्सनाच गुप्त खबरे बनवत होती. एखादा मुलगा कसल्या तरी लफड्यात सापडायचा. त्याला खोलीत बसवून तासन् तास प्रश्न विचारायचे आणि शेवटी दार किलकिलं करायचं: आमच्यासाठी काम कर, तुझं निभावून नेऊ. त्यातल्या एका कॅडेटने आपली कहाणी नावानिशी सांगितली. अंगावर रेकॉर्डर लावून पार्ट्यांना जायचं, कोण काय विकतो ते काढायचं, खरेदी घडवून आणायची. त्यासाठी परवानगीशिवाय बाहेर जावं लागलं तर जायचं आणि पकडला गेलास तरी स्क्वाड्रनच्या अधिकाऱ्यांना खरं सांगायचं नाही, असं त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला सांगितलं होतं. त्याच्या माहितीवरून अंमली पदार्थांच्या प्रकरणांत अनेकांना शिक्षा झाल्या. पण नियम मोडल्याबद्दल त्याच्या नावावर डिमेरिट्सही साचत गेले. २०१३ मध्ये, पदवी हाताशी आली असताना, त्याला काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू झाली. तेव्हा ज्यांनी शब्द दिला होता ते पुढे आले नाहीत.

अकादमीची बाजूही सांगितली पाहिजे. तिचं म्हणणं असं की मुलाच्या नावावर आधीचेही गुन्हे होते आणि त्याला खबऱ्या म्हणून नाही, तर स्वतःच्या वर्तनामुळे काढलं. हे अगदीच खोटं असेल असं मला वाटत नाही. खबऱ्या कधी धुतल्या तांदळासारखा नसतो. धुतल्या तांदळासारखा असता तर तो तुमच्या हातात सापडलाच नसता.

मला यातली जी गोष्ट बोचते ती वेगळीच आहे. या अकादमीची सन्मानसंहिता जगभर प्रसिद्ध आहे. मी खोटं बोलणार नाही, चोरी करणार नाही, फसवणूक करणार नाही आणि असं करणाऱ्याला माझ्यात खपवून घेणार नाही, असा तिचा आशय. इथे हवाई दलाचंच एक खातं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला खोटं बोलायला शिकवतंय आणि हवाई दलाचंच दुसरं खातं त्या खोट्याचा हिशेब ठेवतंय. आम्ही एनडीएत होतो तेव्हा चूक केली की रिस्ट्रिक्शन, फारच मोठी असली तर रेलिगेशन. सहा महिने मागे जाऊन आपल्याच ज्युनियर्सबरोबर बसायचं. अपमान व्हायचा, पण शिक्षा कुणी आणि कशासाठी दिली ते तरी माहीत असायचं. कोर्समेटच्या शर्टाखाली टेपरेकॉर्डर असेल अशी शंका आमच्या स्वप्नातही आली नव्हती.

असं होऊ कसं शकतं? त्याचं उत्तर त्या शाखेच्या जन्मात आहे. ती १ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झाली. हवाई दलाचे पहिले सचिव स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी ती एफबीआयच्या धर्तीवर उभारली आणि पहिला प्रमुखही एफबीआयमधूनच आणला, जोसेफ कॅरोल. तपास करणारा स्थानिक कमांडरच्या हाताखाली नसावा, म्हणजे कमांडरला आपल्या मर्जीतल्या माणसाचं प्रकरण दाबता येणार नाही, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. आपल्याकडे युनिटमधलं प्रकरण युनिटमध्येच मुरवायची सवय ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याची किंमत कळेल. पण त्याची दुसरी बाजू अशी की डाव्या हाताचं उजव्याला कळत नाही. कमांडर शिस्त बघतो, तपासनीस आकडे बघतो आणि दोघांच्या मधल्या फटीत तो पोरगा पडतो. बातमीनंतर अकादमीच्या प्रमुख लेफ्टनंट जनरल मिशेल जॉन्सन यांनी अशा कारवाया यापुढे आपल्या माहितीत राहतील असं जाहीर केलं. म्हणजे तोपर्यंत काय चाललं होतं ते आपण समजून घ्यायचं.

अमेरिकन सैन्याचं नशेशी युद्ध सुरू झालं ते व्हिएतनाममध्ये. आधी गांजा होता. त्याचा वास येतो, धूर दिसतो, गठ्ठा मोठा असतो. म्हणून १९६८ च्या सुमाराला तिथल्या अधिकाऱ्यांनी तो पकडायला जोरात सुरुवात केली. १९७० मध्ये गोल्डन ट्रँगलमधलं हेरॉइन आलं. जवळजवळ शुद्ध, स्वस्त आणि सिगरेटमध्ये भरून ओढलं तर शेजारच्यालाही पत्ता लागत नाही असं. मे १९७१ मध्ये रॉबर्ट स्टील आणि मॉर्गन मर्फी या दोन काँग्रेस सदस्यांनी अहवाल दिला की व्हिएतनाममधले दहा ते पंधरा टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले असावेत. वॉशिंग्टनमध्ये हाहाकार उडाला. १७ जून १९७१ रोजी निक्सन यांनी नशेला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं आणि त्याच महिन्यात घरी परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासायला सुरुवात झाली. सैनिकांनी त्या मोहिमेला नाव दिलं ‘ऑपरेशन गोल्डन फ्लो’. जवान कुठल्याही देशाचा असो, नावं ठेवण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.

चाचणीत सापडलेल्यांचा आकडा पाच टक्क्यांच्या आसपास आला. अनेकांनी तारीख कळल्यावर काही दिवस नशा बंद ठेवली होती. नंतर ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. जवळपास निम्म्यांनी तिकडे अफू-हेरॉइनची चव घेतली होती, सुमारे एकपंचमांश व्यसनी झाले होते, पण घरी आल्यावर त्यातल्या फारच थोड्यांना ते व्यसन पुन्हा लागलं. हा निष्कर्ष आजही व्यसनावरच्या अभ्यासात सांगितला जातो. त्या आकड्यांचा माझ्या भाषेतला अर्थ असा की बहुतेक पोरं वाईट नव्हती, वाईट जागी होती.

त्या वेळी लष्कराने एक शब्द दिला. जो स्वतःहून येऊन कबूल करेल त्याच्यावर कोर्ट मार्शल होणार नाही, त्याच्यावर उपचार होतील. ऐकायला छानच. पण कोर्ट मार्शल नाही म्हणजे काहीच नाही, असं थोडंच आहे! प्रशासकीय मार्गाने हलक्या शेऱ्याचा डिस्चार्ज देता येत होता आणि तसला कागद घेऊन गावी गेलेल्या माणसाला नोकरी कोण देणार? १९७४ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध रुईझ’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाने या फटीवर बोट ठेवलं. नमुन्याच्या आधारे असा डिस्चार्ज देता येत असेल, तर लघवीचा नमुना द्यायचा हुकूम म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा द्यायची सक्ती आहे, असा निकाल दिला. त्यांच्या लष्करी कायद्याचं कलम ३१ हा त्याचा पाया. संशयिताला त्याचे हक्क सांगितल्याशिवाय प्रश्न विचारायचे नाहीत असं सांगणारं हे कलम अमेरिकन पोलिसांच्या सुप्रसिद्ध ‘मिरांडा’ निकालाच्याही पंधरा वर्षं आधीचं आहे. सैनिक वरिष्ठासमोर उभा राहिला की त्याला गप्प राहता येत नाही, हे ते कलम लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार.

मग काटा दुसऱ्या टोकाला गेला. २६ मे १९८१ रोजी फ्लोरिडाजवळ ‘निमित्झ’ या विमानवाहू जहाजाच्या डेकवर एक प्रॉवलर विमान उतरताना कोसळलं. चौदा माणसं गेली. शवविच्छेदनात काही मृत डेक-कर्मचाऱ्यांच्या शरीरात गांजाचे अंश मिळाले. विमान काही त्यांनी चालवलं नव्हतं, पण तो तपशील कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्या वर्षाअखेरीपासून लघवीची चाचणी शिक्षेसाठीही वापरायला परवानगी मिळाली आणि नमुन्यांचे लोंढे प्रयोगशाळांवर येऊन आदळले. १९८३ अखेरीस आइन्सेल आणि डुबोव्स्की यांच्या समितीने लष्कराच्या प्रयोगशाळा तपासल्या. नमुना कुणाचा, कुठून कुठे गेला, कुणी हाताळला याच्या नोंदींतच इतका गोंधळ होता की हजारो सैनिकांना नंतर कळवावं लागलं: तुमच्याविरुद्धचा निकाल कदाचित टिकणारा नाही. तोवर त्यातले किती जण घरी गेले होते!

आणि प्रयोगशाळा उत्तम असली तरी ती सगळं पकडत नाही. वायोमिंगमधल्या एफ. ई. वॉरन तळावर २०१६ मध्ये अण्वस्त्रांच्या पहाऱ्यावरचे हवाई सैनिक सुट्टीच्या वेळात एलएसडी घेताना सापडले. चौदा जणांवर कारवाई झाली. प्रकरण फुटलं ते एका पोराने मोबाइलवर टाकलेल्या व्हिडिओमुळे. एलएसडीची नेहमीची चाचणी २००६ मध्येच बंद झाली होती. म्हणून खबऱ्या हवाच, हे मी मान्य करतो. नशेच्या व्यवहारात फिर्यादी नसतो. विकणारा खूश, घेणारा खूश. आतला माणूस बोलल्याशिवाय साखळी हाती लागत नाही.

पण आतला माणूस बोलतो तो कशाच्या बदल्यात? अमेरिकन लष्करी कायद्यात खटल्यातून सूट द्यायचा अधिकार तेव्हा जनरल कोर्ट मार्शल बोलावू शकणाऱ्या वरिष्ठ कमांडरला होता. खोलीत बसून ‘तुझं बघून घेऊ’ म्हणणारा तपासनीस खात्यात पैसे नसताना चेक फाडत असतो. तरी एकदा असा चेक वटला आहे. क्रिस्टोफर कुक नावाचा हवाई दलाचा लेफ्टनंट टायटन क्षेपणास्त्रांवर नेमणुकीला होता आणि त्याने सोव्हिएत वकिलातीत जाऊन गुपितं दिली. सगळं खरं सांगितलंस तर खटला भरणार नाही असं आश्वासन मिळाल्यावर तो बोलला आणि बोलून झाल्यावर त्याच्यावर खटला भरला. १९८२ मध्ये लष्करी न्यायालयाने तो रद्द करायला लावला. सरकारने दिलेला शब्द सरकारला मोडता येणार नाही म्हणून. हेर सुटला! सगळीकडे आरडाओरडा झाला. हेराचा शब्द पाळला गेला आणि पार्टीला गेलेल्या कॅडेटचा नाही, हे एकाच हवाई दलात घडलं. फरक एवढाच की हेराला शब्द वरच्या पातळीवरून मिळाला होता आणि त्याच्या मागे वकील उभे होते.

आपल्याकडेही कायद्याची मांडणी फार वेगळी नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४ प्रमाणे माहितीच्या बदल्यात सूट देता येते, पण ती सरकारने द्यायची. ठाणेदाराने नाही आणि कंपनी कमांडरने तर नाहीच. कलम ६८ खबऱ्याचं नाव राखतं. पाव किलो हेरॉइन ही ‘व्यावसायिक मात्रा’, शिक्षा किमान दहा वर्षं. इतक्या जड कायद्याच्या सावलीत माणूस काहीही कबूल करतो. २०२० च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग प्रकरणात सांगितलं की या कायद्याखालच्या तपास अधिकाऱ्यांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २४ होतं: अधिकारपदावरच्या माणसाने धमकी, आमिष किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली ग्राह्य नाही. कोर्ट मार्शललाही हा पुरावा कायदा लागू होता. पार्ट बीच्या परीक्षेसाठी आम्ही सगळ्यांनी ते कलम पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते.

म्यानमार सीमेच्या अलीकडे, डोंगरातल्या एका पोस्टवर मी कॅप्टन होतो. जागेचं नाव देत नाही, साल देत नाही. तिकडे हेरॉइनला ‘नंबर फोर’ म्हणतात आणि तो शब्द चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतो. एके दिवशी रेशनची गाडी परत आली तेव्हा आमच्याच एका जवानाच्या पिशवीत पुड्या सापडल्या. थोड्याच होत्या. पोरगा सातारा जिल्ह्यातला, दुष्काळी पट्ट्यातला. मी सातारच्या सैनिक स्कूलचा. तपासाला बाहेरून जी टीम आली तिच्यातल्या कुणालाच त्याच्याकडून शब्द काढता येईना. मग त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, तुमचा गाववाला आहे, तुमच्याशी बोलेल.

बोलला. कुकहाऊसच्या मागे लाकडाच्या ओंडक्यावर बसून मी त्याला मराठीत म्हणालो, “कोण देतो आणि कुठे जातं तेवढं सांग. तुला काही होणार नाही.” तो म्हणाला, “साहेब, तुम्ही म्हणताय ना, मग झालं.” नाव सांगितलं. टीमच्या सांगण्यावरून आणखी दोन खेपा केल्या, दोन्ही वेळेला पोटात गोळा घेऊन. दुसऱ्या खेपेला बाजारातला एक व्यापारी आणि त्याच्यामागचे दोघे पकडले गेले. टीमला शाबासकी मिळाली, मलाही पाठीवर थाप मिळाली. टीम गेली.

महिन्याभरात त्याच्यावर चार्जशीट आली. त्यात तीन खेपा होत्या. एक त्याची आणि दोन आमच्या.

मी वर जाऊन बोललो. मला विचारलं गेलं, लेखी काय आहे? लेखी काहीच नव्हतं. टीमच्या अहवालात त्याचा उल्लेख ‘सोर्स’ एवढाच होता, म्हणजे नियमाप्रमाणे नाव राखलेलं. ज्या नियमाने त्याचं रक्षण व्हायचं, त्याच नियमाने तो कागदावरून नाहीसा झाला होता. नियम २३ खाली समरी ऑफ एव्हिडन्स घेतली गेली, तेव्हा मी साक्षीदार होतो. पिशवी कुठे होती, पुड्या किती होत्या, कुणाच्या समक्ष मोजल्या, सगळं नीट सांगितलं. ओंडक्यावरचं बोलणं सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, हे खरं आहे. पण साक्षीदाराला स्वतःहून बोलायला कुणी बंदी केलेली नसते. साक्ष संपल्यावर त्याला विचारलं, “साक्षीदाराला काही प्रश्न विचारायचे आहेत?” त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “नाही साहेब.” कागदावर त्याची नोंद एका ओळीत झाली: आरोपीने उलटतपासणी घेण्यास नकार दिला.

समरी कोर्ट मार्शलमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. कबूल केला की साक्षीदारांना पुन्हा बोलवावं लागत नाही, समरी वाचली जाते. काम पाऊण तासात आटोपलं. बडतर्फ. पेन्शन नाही, माजी सैनिकाचं कार्ड नाही, कॅन्टीन नाही. निघताना त्याने मला सॅल्यूट केला. बडतर्फ झाल्यावर सॅल्यूट करायची गरज नसते.

यानंतर इतकी वर्षं झाली. मी मेजर झालो, लेफ्टनंट कर्नल झालो. कलम २४ आता नव्या साक्ष्य अधिनियमात २२ क्रमांकावर गेलं आहे. माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना मी बजावतो की कुणाला काही देऊ केलंत तर त्याच दिवशी, त्याच शब्दांत लिहा आणि ज्याला ते द्यायचा अधिकार आहे त्याची सही घ्या. नाही मिळाली तर त्या माणसाला तसं तोंडावर सांगा, मग भले तो गप्प बसला तरी चालेल. व्यापारी सुटला तरी चालेल. यावर एका कॅप्टनने मला विचारलं, “सर, पण मग केस कशी होणार?” प्रश्न रास्त होता. नाही झाली तर नाही झाली, असं मी त्याला म्हणालो. त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

गेल्या दिवाळीत सुट्टीवर असताना त्याच्या गावावरून गाडीने गेलो. बायको शेजारी होती. तो आता उसाच्या ट्रॅक्टरवर असतो असं एका निवृत्त हवालदारांकडून कळलं होतं. फाट्यावर ट्रॅक्टर उभे होते, ड्रायव्हर चहा पीत होते. बायको म्हणाली, थांबू या का, चहा घेऊ. मी म्हणालो, पुढे घेऊ.